मोठ्याला शेंगदाणा मानवत नाही, धाकटीचं काय? खाल्लेली प्रथिनं, प्रतिकारयंत्रणा आणि जनुकं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोठ्या मुलाला पहिल्यांदा शेंगदाण्याचं बटर चाटवलं तेव्हा अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली. तपासणीत शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. आईवडील दोघांनाही कसलीच ॲलर्जी नाही. आता धाकटी पाच महिन्यांची आहे. ॲलर्जी आनुवंशिक असते म्हणतात, मग ही आली कुठून? जनुकं नेमकं काय करतात? आणि धाकटीची जनुकीय चाचणी केली तर तिचं आधीच कळेल का?

मी मुलांच्या ॲलर्जीवर आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवर बरीच वर्षं काम करते आहे. हे प्रश्न आईवडील जवळजवळ याच क्रमाने विचारतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. धाकटीला शेंगदाण्याची ॲलर्जी होईल की नाही, हे आज मिळणारी कोणतीही जनुकीय चाचणी सांगू शकत नाही. तरीही जनुकांचा यात हात आहे, आणि तो मोठा आहे. तो कुठे कुठे असतो हे कळलं, की चाचणी का निरुपयोगी आहे आणि घरी काय करण्यासारखं आहे, या दोन्हींचा उलगडा होतो.

सुरुवात मोठ्या मुलापासून न करता ज्यांना काहीच होत नाही त्यांच्यापासून करू. शेंगदाणा, दूध, अंडं, गहू यांतली प्रथिनं आपल्या शरीराला परकीच असतात. हेच अंड्याचं प्रथिन प्रतिकारयंत्रणेला चेतवणाऱ्या एखाद्या घटकाबरोबर टोचलं, तर कोणाच्याही शरीरात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतील. आणि पचनात सगळ्या प्रथिनांचा चुराडा होतो हाही गैरसमज आहे. जेवणानंतर निरोगी माणसाच्या रक्तातही अन्नातली प्रथिनं अगदी थोड्या प्रमाणात न तुटलेल्या रूपात सापडतात. म्हणजे प्रतिकारयंत्रणेला ती रोज दिसतात, तरी ती गप्प राहते. हे गप्प राहणं तिला शिकावं लागतं.

हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लक्षात आलं होतं. १९११ मध्ये वेल्स आणि ऑस्बोर्न यांना दिसलं की ज्या गिनीपिगांच्या रोजच्या खाण्यात मका होता, त्यांना मक्याचं प्रथिन टोचून ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया, घडवता येत नाही. १९४६ मध्ये मेरिल चेस यांनी त्वचेवर ॲलर्जी उठवणारं एक रसायन गिनीपिगांना आधी खाऊ घातलं, आणि नंतर तेच त्वचेला लावलं तेव्हा ॲलर्जी उठलीच नाही. तोंडावाटे आलेल्या पदार्थाबद्दल शरीर सहनशील होतं. याला वैद्यकात ‘ओरल टॉलरन्स’ म्हणतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून ती जरा जवळून पाहू.

शेंगदाण्यातलं ‘ॲरा एच २’ नावाचं प्रथिन घ्या. गंभीर प्रतिक्रियांमागे बहुतेक वेळा हेच असतं. त्याची घडी गंधकाच्या बंधांनी इतकी घट्ट बांधलेली असते की जठरातल्या पेप्सिनला ते पुरतं तोडता येत नाही. लहान आतड्यात त्याचा थोडा भाग अस्तरातून आत जातो. अस्तराखालच्या डेन्ड्रायटिक पेशी तो उचलतात, त्याचे तुकडे करतात आणि आतड्याजवळच्या लसिका ग्रंथींत जातात. तिथे एखादी नवखी टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची एक पांढरी रक्तपेशी, वाट पाहत असते. डेन्ड्रायटिक पेशी तिला प्रथिनाचा तुकडा दाखवते, आणि दाखवताना दोन रसायनं सोडते: अ जीवनसत्त्वापासून बनवलेलं रेटिनॉइक ॲसिड आणि टीजीएफ-बीटा. या दोन्हींच्या सान्निध्यात टी पेशीतलं फॉक्सपी३ हे जनुक चालू होतं आणि ती ‘रेग्युलेटरी टी पेशी’ बनते. तिच्या अंगावर आतड्याचा पत्ता लिहिला जातो. ती आतड्याच्या अस्तरात परतते, वाढते, आणि पुढे ते प्रथिन आलं की आजूबाजूच्या पेशींना आवरून धरते. अशा वातावरणात बी पेशीही ॲलर्जीच्या आयजीई अँटिबॉडीऐवजी आयजीए आणि आयजीजी४ जातीच्या निरुपद्रवी अँटिबॉडी बनवतात.

यातल्या प्रत्येक टप्प्यावर कोणतं ना कोणतं प्रथिन काम करतं, आणि प्रत्येक प्रथिनामागे जनुक आहे. ‘शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं जनुक’ सापडत नाही ते यामुळेच. सापडतात ती या शिक्षणाच्या निरनिराळ्या टप्प्यांवरची जनुकं. एकेका टप्प्यावरचं जनुक पूर्ण बंद पडलं तर काय होतं, ते काही दुर्मीळ आजारांतून अगदी स्पष्ट दिसतं. ही मुलं संख्येने फार थोडी आहेत, पण सहनशीलतेबद्दल आज जे ठामपणे सांगता येतं त्याचा मोठा भाग त्यांच्यामुळे कळला आहे.

फॉक्सपी३ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. ते बिघडलं की होणाऱ्या आजाराला आयपेक्स म्हणतात, आणि तो मुलग्यांना होतो, कारण त्यांच्याकडे दुसरं एक्स गुणसूत्र नसतं. आयुष्याच्या पहिल्या महिन्यांतच न थांबणारे जुलाब, खूप पसरलेला एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल आणि खाजरी होण्याचा आजार), टाईप १ मधुमेह, रक्तात आयजीई प्रचंड वाढलेलं आणि अनेक पदार्थांची ॲलर्जी, असं ते चित्र असतं. रेग्युलेटरी टी पेशी नसल्या तर स्वतःच्या शरीराबद्दलची सहनशीलता आणि अन्नाबद्दलची सहनशीलता दोन्ही एकदमच कोसळतात, हे त्यातून दिसलं. २००१ मध्ये हे जनुक सापडलं. आधी उंदरांच्या एका आजारी वाणात, आणि लगेच या मुलांमध्ये. मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि या पेशी १९९५ मध्ये दाखवून देणारे शिमोन साकागुची यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामाबद्दल. नोबेलची बातमी प्रामुख्याने स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांच्या संदर्भात दिली गेली. पण आपण रोज निर्धास्त जेवू शकतो, हीही त्याच पेशींची कामगिरी आहे, आणि ते अधिक सांगितलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दुसरा टप्पा टीजीएफ-बीटाचा. हा संदेश टिपणाऱ्या, पेशीवरच्या ग्राहक-प्रथिनाच्या जनुकांत बिघाड झाला की लोइस-डिट्झ सिंड्रोम होतो. त्यात महाधमनी फुगते, सांधे सैल असतात, आणि डॉक्टरांचं लक्ष साहजिकच हृदयाकडे जातं. २०१३ मध्ये या रुग्णांकडे ॲलर्जीच्या नजरेने पाहिलं गेलं, तेव्हा अन्नाची ॲलर्जी, एक्झिमा, दमा यांचं प्रमाण त्यांच्यात फार जास्त आढळलं. संदेश नीट न पोचल्यामुळे त्यांच्या टी पेशी ॲलर्जीच्या दिशेने झुकतात.

तिसरं उदाहरण दोन आजारांच्या जोडीचं आहे. डॉक८ हे जनुक बिघडलं तर आयजीई खूप वाढतं आणि अन्नाची गंभीर ॲलर्जी फार जणांना होते. स्टॅट३ या जनुकाच्या एका प्रकारच्या बिघाडातही आयजीई तितकंच, कधी त्याहून जास्त वाढतं, पण अन्नाने ॲनाफायलॅक्सिस होण्याचं प्रमाण मात्र त्या मानाने बरंच कमी राहतं. आयजीई वाढणं आणि प्रत्यक्ष प्रतिक्रिया येणं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि दोन्हींवर जनुकांचं वेगवेगळं नियंत्रण आहे. ‘रक्तात आयजीई वाढलंय’ एवढ्या अहवालावर मुलांचे पाच-सहा पदार्थ बंद केलेले मी नेहमी पाहते. ते पदार्थ मूल आधी आरामात खात असेल तर तसं करणं चुकीचंच नव्हे, घातकही ठरू शकतं. का, ते पुढे येईल.

बहुतेक ॲलर्जी असलेल्या मुलांमध्ये मात्र कोणतंच जनुक असं बंद पडलेलं नसतं. त्यांच्यात असतात ते किरकोळ वाटणारे फरक, जे लाखो निरोगी माणसांतही असतात. २०१७ मध्ये जर्मन संशोधकांनी अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांची संपूर्ण जनुकीय पाहणी केली तेव्हा पाच ठिकाणं ठळकपणे पुढे आली. त्यातलं एक त्वचेच्या फिलॅग्रिन जनुकाचं. एक सर्पिन-बी जनुकांच्या गटाचं, ज्यांची प्रथिनं त्वचेच्या आणि अन्ननलिकेच्या अस्तरात असतात. एक पाचव्या गुणसूत्रावर, जिथे ॲलर्जीचे संदेश देणारी इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ ही जनुकं शेजारीशेजारी आहेत. एक एचएलए, ज्याबद्दल लगेच पुढे सांगते. आणि एक अकराव्या गुणसूत्रावर, जिथे जवळच गार्प नावाच्या प्रथिनाचं जनुक आहे. हे गार्प रेग्युलेटरी टी पेशींच्या पृष्ठभागावर बसून टीजीएफ-बीटाला धरून ठेवतं. लोइस-डिट्झमध्ये जी साखळी पार बिघडते, तिच्याशीच संबंधित सौम्य फरक सर्वसाधारण मुलांतही धोका वाढवत असावेत, असं यावरून दिसतं.

आता एचएलए. आईवडिलांच्या मनात सर्वांत जास्त गोंधळ असतो तो याच्याविषयी. प्रथिनाचा तुकडा टी पेशीला दाखवायचा तर तो एचएलए रेणूच्या खोबणीत बसावा लागतो. खोबणीचा आकार माणसागणिक वेगळा असतो, म्हणून एकाच शेंगदाण्याचे तुम्हाला दिसणारे तुकडे आणि मला दिसणारे तुकडे वेगळे. शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा एचएलए-डीआर आणि डीक्यू भागाशी संबंध २०१५ मध्ये मोठ्या पाहणीत दिसला. पण एचएलए फक्त तुकडा दाखवतो. त्यावर भडकायचं की शांत राहायचं, हे तो ठरवत नाही. रेग्युलेटरी टी पेशीलाही तोच तुकडा, त्याच खोबणीत दिसावा लागतो. ज्याच्या खोबणीत शेंगदाण्याचे तुकडे चपखल बसतात, त्याच्या शरीरात शेंगदाण्याबद्दल काहीतरी ठळक घडणार. काय घडणार, हे त्या प्रथिनाची पहिली भेट कुठे होते त्यावर ठरतं.

भेट दोन ठिकाणी होऊ शकते, आतड्यात किंवा त्वचेत. आतड्यात भेट झाली तर वर सांगितलेलं शिक्षण होतं. एक्झिमाने फाटलेल्या, सुजलेल्या त्वचेतून प्रथिन आत शिरलं तर त्वचेच्या पेशी आधीच धोक्याचे संदेश सोडत असतात, आणि टी पेशी ॲलर्जीच्या बाजूला वळतात. ब्रिटनमधले ॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांनी ही कल्पना मांडली. त्यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं होतं की शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांमध्ये तान्हेपणी त्वचेला शेंगदाणा तेलाची मलमं लावल्याचं प्रमाण जास्त होतं.

फिलॅग्रिनचं महत्त्व इथे कळतं. हे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. त्याच्या जनुकात बिघाड असेल तर त्वचा कोरडी पडते, एक्झिमाचा धोका वाढतो. हे २००६ मध्ये स्पष्ट झालं. २०११ मध्ये त्याच बिघाडाचा शेंगदाण्याच्या ॲलर्जीशीही संबंध दिसला. पुढे २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी घरातल्या धुळीत शेंगदाण्याचं प्रथिन किती आहे ते मोजलं. धुळीत प्रथिन जितकं जास्त तितका ॲलर्जीचा धोका जास्त, पण फक्त फिलॅग्रिनमध्ये बिघाड असलेल्या मुलांत. ज्यांचं फिलॅग्रिन ठीक होतं त्यांना त्या धुळीने फरक पडला नाही. नुसतं जनुक घेतलं तर चित्र अर्धं, नुसती धूळ घेतली तरी अर्धंच. फिलॅग्रिनचा प्रतिकारयंत्रणेशी थेट संबंधही नाही. ते फक्त दार किती घट्ट लागतं ते ठरवतं, आणि तेवढ्यावरून आत घडणारं सगळं बदलतं.

त्वचेची ही ताकद फक्त तान्ह्या बाळांपुरती नाही. जपानमध्ये चेहऱ्याला लावायच्या एका साबणात गव्हाचं अंशतः तोडलेलं प्रथिन घातलेलं होतं. तो वापरणाऱ्यांपैकी दोन हजारांहून अधिक जणांना गव्हाची ॲलर्जी झाली. यात बहुतेक प्रौढ स्त्रिया होत्या, ज्यांनी आयुष्यभर गहू काहीही त्रास न होता खाल्ला होता. २०११ च्या सुमारास हे प्रकरण उघडकीला आलं. वर्षानुवर्षं टिकलेली सहनशीलता त्वचेवाटे मोडली गेली. साबण लाखो लोकांनी वापरला असताना याच स्त्रियांना का, याचा शोध घेतला तेव्हा २०१९ मध्ये जनुकीय पाहणीत जो भाग पुढे आला तो एचएलए-डीक्यूचा. साबण बंद केल्यावर अनेकींचा त्रास हळूहळू कमी झाला. जनुकं बदलली नव्हती.

तरीही मला सर्वांत मोलाचा पुरावा वाटतो तो लीप नावाच्या, बाळांच्या दोन गटांची तुलना करणाऱ्या वैद्यकीय चाचणीचा. गंभीर एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी किंवा दोन्ही असलेली ६४० बाळं, वय चार ते अकरा महिने. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा टाळायचा, दुसऱ्याने आठवड्याला निदान ६ ग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन, तीन किंवा अधिक वेळांत विभागून खायचं. २०१५ मध्ये निकाल आला. टाळणाऱ्या गटात पाचव्या वर्षी १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के. गट नशिबाने पाडलेले असल्याने दोन्हीकडे जनुकं सारखीच वाटली गेली होती. फरक पडला तो खाण्याने. ही मुलं बारा वर्षांच्या आसपास पोचल्यावर पुन्हा तपासली. मधल्या वर्षांत ज्याने त्याने मर्जीप्रमाणे खाल्लं होतं, तरी ॲलर्जीचं प्रमाण एका गटात १५.४ टक्के आणि दुसऱ्यात ४.४ टक्के असंच वेगळं राहिलं.

मग याच मुलांची एचएलए जनुकं तपासली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष मी प्रत्येक शंकेखोर पालकाला सांगते. एचएलए-डीक्यूए१ जनुकाचा ‘०१:०२’ या क्रमांकाचा एक प्रकार आहे. शेंगदाणा टाळणाऱ्या गटात ज्यांच्याकडे हा प्रकार होता, त्यांना ॲलर्जी होण्याचा संबंध दिसला. शेंगदाणा खाणाऱ्या गटात ज्यांच्याकडे तोच प्रकार होता, त्यांच्यात ॲरा एच २ विरुद्ध आयजीजी४ जास्त बनलं, म्हणजे सहनशील मुलांत दिसणारा प्रतिसाद. एकच जनुक आणि दोन विरुद्ध परिणाम. आता सांगा, धाकटीच्या अहवालात हा प्रकार आला तर तो वाईट म्हणायचा की चांगला? ती काय खाणार, कधी खाणार आणि तिची त्वचा कशी आहे हे ठरल्याशिवाय त्या अहवालाला अर्थच येत नाही.

‘मग आमच्याकडे ही आली कुठून?’ या प्रश्नाकडे येते. २००० साली अमेरिकेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांत एकाला ॲलर्जी असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण सुमारे ६४ टक्के निघालं, भिन्न जुळ्यांत सुमारे ७ टक्के. अभ्यास लहान होता, एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या चौदाच होत्या, पण तफावत एवढी आहे की जनुकांचा वाटा नाकारता येत नाही. मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तीच असूनही सुमारे तिसऱ्या हिश्श्यात एकच जण आजारी होता. आणि भिन्न जुळ्यांचं प्रमाण एकसारख्यांच्या निम्म्याच्याही फार खाली आहे. एकाच जनुकावर सगळं अवलंबून असतं तर ते इतकं खाली आलं नसतं. बरेच लहान फरक एकाच मुलात एकत्र यावे लागतात, तेव्हाच धोका खरा वाढतो. त्यातले काही आईकडून, काही वडिलांकडून येतात. दोघांकडे अर्धा अर्धा संच असतो, म्हणून दोघंही निरोगी. बहीण-भावांची अर्धी जनुकं सरासरीने सारखी असतात आणि दोघांचा एचएलए संच हुबेहूब सारखा निघण्याची शक्यता चारातली एक.

निरोगी आईवडिलांकडून धोका कसा जुळून येतो, याचं नितळ उदाहरण सीलिॲक आजारात मिळतं. हा आजार आयजीईच्या ॲलर्जीपेक्षा वेगळा आहे. गव्हातल्या ग्लूटेनविरुद्ध टी पेशी उभ्या राहतात आणि लहान आतड्याचं अस्तर सपाट होतं. ग्लूटेनचे काही तुकडे पचनाला दाद देत नाहीत. त्यातला अल्फा-ग्लायडिनचा ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा २००२ मध्ये शोधला गेला. आतड्यातलं ट्रान्सग्लूटामिनेज हे विकर अशा तुकड्यांतल्या ग्लूटामिनचं ग्लूटामेट करतं, त्यामुळे त्यांच्यावर ऋण भार येतो, आणि एचएलए-डीक्यू२.५ च्या खोबणीला नेमका ऋण भार आवडतो. तुकडा तिथे घट्ट बसतो. डीक्यू रेणू दोन साखळ्यांचा बनतो, अल्फा आणि बीटा. एका पालकाकडून डीक्यू७ आला तर त्यातून योग्य अल्फा साखळी मिळते, दुसऱ्याकडून डीक्यू२.२ आला तर योग्य बीटा. दोघांपैकी कोणाकडेही डीक्यू२.५ नसतो, आणि तरी मुलाच्या पेशींवर या दोन साखळ्या जुळून तोच रेणू तयार होतो.

पण इथेही जनुक पुरेसं नाही. डीक्यू२ किंवा डीक्यू८ अनेक लोकसंख्यांत ३० ते ४० टक्के लोकांकडे असतो, आजार साधारण एक टक्का लोकांना होतो. म्हणून सीलिॲकमधली एचएलए चाचणी नकार द्यायला उपयोगी पडते. दोन्ही प्रकार नसतील तर आजार जवळजवळ नक्की नाही. असतील तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि एक महत्त्वाचा फरक: शेंगदाण्यासारखा लवकर भरवण्याचा फायदा इथे मिळाला नाही. ग्लूटेन लवकर की उशिरा, हे तपासणाऱ्या २०१४ च्या दोन मोठ्या चाचण्यांत आजाराच्या एकूण प्रमाणात फरक पडला नाही. सगळ्या अन्न-आजारांना एकच नियम लावता येत नाही.

दुधातली साखर न पचणं तर यात येतच नाही. लॅक्टोज ही साखर आहे, प्रथिन नाही. मोठेपणी ते पचवणारं विकर कमी होतं की टिकतं हे जनुकावर ठरतं, पण त्यात प्रतिकारयंत्रणेचा संबंध नाही.

आता धाकटीबद्दल. तिला गंभीर एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर शेंगदाणा देण्याआधी ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवा. ते त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी करून पहिला घास दवाखान्यात द्यायचा की घरी, ते ठरवतील. तसं काही नसेल, तर ती मान धरून बसायला लागली आणि इतर अन्न सुरू झालं की सहा महिन्यांच्या आसपास शेंगदाण्याचं मऊ बटर पाण्यात किंवा तिच्या नेहमीच्या खिमटीत पातळ करून थोडंसं द्या. अख्खे दाणे किंवा त्यांचे तुकडे अजिबात नको, ते घशात अडकतात. मानवलं तर आठवड्यातून काही वेळा देत राहा. एकदा दिलं आणि महिनोन्‌महिने बंद ठेवलं, असं करू नका. मूल आरामात खात असलेला पदार्थ नुसत्या अहवालावर बंद करणं घातक ठरू शकतं असं वर म्हटलं ते यासाठीच. विशेषतः एक्झिमा असलेल्या मुलात आतड्याची रोजची भेट थांबते आणि त्वचेची चालू राहते. अशी काही मुलं तो पदार्थ पुन्हा खाताना थेट ॲनाफायलॅक्सिसने आजारी पडतात.

घरात मोठ्याला ॲलर्जी असल्यामुळे बरेच पालक शेंगदाणा घरात आणतच नाहीत. त्यांची भीती मी समजू शकते. धाकटीला मोठा शाळेत असताना भरवा, नंतर तिचं तोंड, हात, खुर्ची साबणाने धुवा. धाकटीची त्वचा कोरडी किंवा लाल असेल तर एक्झिमावर वेळेत आणि पुरेसे औषधोपचार करा. फक्त मॉइश्चरायझर लावून एक्झिमा टाळता येईल ही आशा २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत खरी ठरली नाही, पण असलेला एक्झिमा आटोक्यात ठेवणं वेगळं आणि आवश्यक आहे. शेंगदाणा तेल किंवा कोणतंही खाद्यप्रथिन असलेलं मलम त्या त्वचेला लावू नका.

घरबसल्या थुंकीतून होणाऱ्या ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ जनुक चाचण्यांवर पैसे घालवू नका. अन्नाविरुद्ध आयजीजी मोजणाऱ्या चाचण्यांवरही नको. आयजीजी, त्यातही आयजीजी४, हे तो पदार्थ खाल्ल्याचं आणि बहुधा पचनी पडल्याचं लक्षण आहे. त्याला आजार ठरवून पदार्थ तोडले की नुकसानच होतं.

जनुकीय चाचणी मी स्वतः सांगते ती वेगळ्या मुलांसाठी. अन्नाच्या अनेक ॲलर्जींबरोबर वजन वाढत नाही, जुलाब थांबत नाहीत, तान्हेपणीच मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार आहे, न्यूमोनिया किंवा त्वचेचे गळू पुन्हा पुन्हा होतात, नागीण किंवा चामखिळी हटत नाहीत, आईच्या बाजूला मुलगे लहानपणी दगावल्याचा इतिहास आहे, अशी मुलं. त्यांच्यात फॉक्सपी३, डॉक८, किंवा अलीकडे कळलेला स्टॅट६ चा अतिसक्रिय प्रकार असू शकतो, आणि तिथे निदान झालं की उपचार पूर्ण बदलतात. काहींना अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण लागतं, तर स्टॅट६ मध्ये त्या मार्गालाच अडवणारी औषधं उपयोगी पडतात. एका पदार्थाची ॲलर्जी असलेल्या, बाकी छान वाढणाऱ्या मुलाला याची गरज नसते. तुमच्या मोठ्याचं वर्णन वाचून तो याच दुसऱ्या गटातला वाटतो.

मोठ्यासाठीही मार्ग बंद नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे पाचातल्या एका मुलात मोठं होताना जाते, म्हणून ठरावीक अंतराने तपासणी करून घ्या. वैद्यकीय देखरेखीत अगदी सूक्ष्म मात्रेपासून शेंगदाणा वाढवत नेण्याचा उपचार उपलब्ध आहे. लहान वयात सुरू केला तर तो जास्त गुण देतो. अशा उपचारानंतर ज्यांची सहनशीलता टिकली त्यांच्या रेग्युलेटरी टी पेशींमध्ये फॉक्सपी३ जनुकावरच्या रासायनिक खुणा कमी झालेल्या एका अभ्यासात दिसल्या. जनुकाची अक्षरं तीच, पण ते जास्त मोकळेपणाने वाचलं जात होतं. आयजीईला बांधून ठेवणारं ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शनही २०२४ पासून अमेरिकेत अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्य झालं आहे. ते चुकून पोटात गेलेल्या थोड्या मात्रेपासून संरक्षण देतं. शेंगदाणा मनसोक्त खाण्याची मुभा त्याने मिळत नाही. यातलं काहीही चालू असो वा नसो, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मुलाच्या जवळ, शाळेतही, असलंच पाहिजे. श्वास लागला, आवाज बसला, मूल एकदम मलूल पडलं किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या झाल्या, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन आधी द्या, मग दवाखान्यात न्या.